अंगठा लागला नाही तरी पैसे घ्यायचे का?

पत्र, थोडं छाटून:

ताई नमस्कार. मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते, गावाचं नाव टाकू नका. घरी चार एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि मका, पण खरं सांगायचं तर घर केंद्रावरच चालतं. दाखले, पीक विमा, ई-पीक पाहणी, केवायसी, आधारवर पैसे काढून देणं असं सगळं करते. परवा नणंदेचा मुलगा आला होता, जळगावला युनिव्हर्सिटीत एमए करतोय. जेवताना सगळ्यांसमोर म्हणे मामी ही टेक्नॉलॉजी गरिबाला अजून गरीब करते आणि तू तिची एजंट आहेस. देशातल्या वरच्या एक टक्क्याकडे चाळीस टक्के संपत्ती आहे असं पण म्हणाला. मिस्टर हसले, म्हणाले तू दुकान बंद केलं तर लोकांना पारोळ्याला जावं लागेल, त्याचं काय. पण मला झोप येत नाहीये ताई, कारण आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचा अंगठा लागतच नाही, ती बिचारी परत परत येते आणि मी दर खेपेला वीस रुपये घेतले. आता एक लोन ॲपवाला माणूस पण येऊन गेला, बायांना मोबाईलवर कर्ज काढून द्यायचं, एका कर्जामागे मला कमिशन. सोमवारी परत येणार आहे. भाचा म्हणतो ते खरं आहे का? आणि मी काय करू?

अगं बहिणी,

आधी भाच्याचं बघू, कारण तो शिकलेला आहे आणि त्याचा आकडा खरा आहे. पिकेटी नावाचा फ्रान्सचा अर्थशास्त्रज्ञ आणि त्याच्या सोबतच्या लोकांनी २०२४ ला हिशोब मांडला होता, त्यात २०२२-२३ साली देशाच्या एकूण संपत्तीतला ४०.१ टक्के आणि उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे आहे असं निघालं. म्हणजे पोरगं हवेत बोलत नाहीये. पण त्याच हिशोबात असंही आहे की स्वातंत्र्यानंतर वरच्यांचा वाटा कमी कमी होत गेला आणि १९८० च्या सुरुवातीपासून परत चढायला लागला, आणि आपल्याकडे पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. मोबाईल यायच्या दहा-पंधरा वर्षं आधीच काटा फिरला होता. मग सगळं मोबाईलच्या आणि तुझ्या प्रिंटरच्या डोक्यावर कसं मारायचं? जमीन कोणाकडे, शाळा कोणाची, टॅक्स कोणावर, कर्ज कोणाला मिळतं, हे सगळं त्यात आहे. भाच्याने आकडा बरोबर दिला आणि आरोपी चुकीचा पकडला, किंवा असं म्हणू की अर्धाच पकडला.

अर्धा म्हणते कारण तो पूर्ण चूक पण नाहीये.

तू पारोळ्याची, अमळनेर तुला काही लांब नाही. तिथे डिसेंबर १९४५ ला वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, कॉम्प्युटरवाली. अमळनेरमध्ये त्या कंपनीचे शेअर पिढ्यानपिढ्या धरून बसलेली घरं आहेत, त्यातली किती कोट्यधीश झाली हे सगळ्या खान्देशाला माहिती आहे, लग्न जमवताना पण निघतो हा विषय. आता बघ, गाव एक, कंपनी एक, टेक्नॉलॉजी एक. ज्याने तेव्हा शेअर घेऊन ट्रंकेत टाकले त्याचे कोटी झाले आणि जो त्या कारखान्यात पाळीला जात होता त्याला पाळीचा पगार मिळाला, तेवढाच. पहिला दुसऱ्यापेक्षा हुशार होता का? मला तरी तसं वाटत नाही, त्याच्याकडे त्या दिवशी अडकवून ठेवायला थोडे पैसे होते आणि कोणीतरी त्याला सांगितलं एवढंच. म्हणून मी टेक्नॉलॉजीबद्दल पहिला प्रश्न हा विचारते की मालकी कोणाची. मशीन काय करतं हा नंतरचा प्रश्न.

दुसरा प्रश्न, नाही म्हणायची सोय आहे का. हा जास्त महत्त्वाचा आहे आणि तुझ्या म्हातारीचा सगळा घोळ इथेच आहे, त्यावर येते.

त्याआधी एक गोष्ट भाच्याला पण सांग, कारण फक्त रडगाणं गायलं तर तेही खोटं होईल. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ मध्ये मोबाईलचे टॉवर आले तेव्हा काय झालं याचा रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला, २००७ ला छापून आला. आधी मासेमार एकाच बंदरावर माल न्यायचे, तिथे आवक जास्त असली तर मासे फेकून द्यायचे आणि शेजारच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. फोन आल्यावर समुद्रातूनच विचारायला लागले की भाव कुठे आहे. मासेमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासे ४ टक्के स्वस्त पडले, आणि फेकायचे बंद झाले. दोघांचं भलं, सरकारी योजना नाही, सबसिडी नाही, काही नाही.

मग मला सांग, आपल्या रावेर-यावलच्या केळीवाल्याच्या हातात पण फोन आहे, रोज सकाळी बऱ्हाणपूरचा भाव, रावेरचा भाव ग्रुपवर येतो, तरी व्यापारी बोर्डाच्या भावापेक्षा कमी देतो ही ओरड दर सीझनला का असते? कारण मासेमाराला बोट वळवता येते, केळीची बाग वळवता येत नाही. घड कापणीला आला, वरून ऊन मी म्हणतंय, व्यापाऱ्याची गाडी आज आली तर आली नाही तर चार दिवसांनी, मग भाव माहिती असून करायचं काय? माहिती दोघांकडे सारखी झाली पण थांबायची ताकद सारखी झाली नाही. ज्या शेतकऱ्याकडे वीस एकर बाग आहे आणि एक्स्पोर्टवाला दारात येतो त्याला फोनचा फायदा होतो, दीड एकरवाल्याला फोनमुळे फक्त एवढंच कळतं की आपण किती रुपयाने बुडालो. माझ्या मते हे भाच्याच्या एमएच्या पेपरात यायला हवं, पण असो.

अजून एक उदाहरण घेते, हे तुझ्या बांधावरचंच आहे. तणनाशक. पूर्वी आषाढ-श्रावणात निंदणीला बायांच्या टोळ्या असायच्या, रोज कोणाच्या तरी वावरात काम. आता एक माणूस पाठीवर पंप घेऊन अर्ध्या दिवसात तेच काम उरकतो, त्यात ते परवानगी नसलेलं तणनाशकवालं बियाणं पण लोक लावून राहिलेत, त्याच्यात तर निंदणीचा विषयच नाही. आता तुझ्यापुरतं बघ. तुझं स्वतःचं चार एकर आहे, तणनाशक मारलं तर तुझी पाठ वाचली, मजुरी वाचली आणि तू दुपारी केंद्र उघडू शकते. म्हणजे तुझ्यासाठी ते वरदान. आणि तुझ्याच गल्लीतली जी बाई तुझ्याकडे निंदायला यायची, जिच्याकडे गुंठाभर जमीन नाही, तिचे पावसाळ्यातले रोजंदारीचे दिवस गेले. औषध एकच, बाटली एकच, दोघी बाया एकाच गल्लीतल्या. फरक फक्त सातबाऱ्याचा. आणि तीच बाई मग तुझ्या काउंटरवर येते सरकारी योजनेच्या दीड हजाराची केवायसी करायला, कारण आता तिला ते पैसे जास्तच लागतात. मी असं म्हणत नाहीये की तणनाशक वापरू नको (मजूर वेळेवर मिळत नाहीत हे पण खरंच आहे आणि कपाशी तणात गेली तर कोणी पंचनामा करायला येत नाही), पण यंत्राने काम सोपं केलं असं कोणी म्हटलं की मी विचारते, कोणाचं? कारण एकाचं काम सोपं होताना दुसऱ्याचं काम संपलेलं असतं आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

हे काही आपल्याकडेच नाही. इंग्लंडमध्ये सूतगिरण्या आल्या तेव्हा मालाचा डोंगर झाला, पण मजुरांची खरी मजुरी कित्येक दशकं जेमतेमच हलली, ती वाढली नंतर. २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यातले असेमोग्लू आणि जॉन्सन हेच सांगतात की यंत्र कुठल्या दिशेने जाईल हे माणसं ठरवतात, ज्यांच्या हातात ताकद आहे ती माणसं, आणि खालून दाब आला तरच फायदा खाली येतो. भाच्याला ही नावं दे, त्याला आवडेल.

तुला सोपं सांगायचं तर आपला गिरणेचा पाट आठव. धरण भरलं, पाणी सोडलं, कागदावर सगळ्यांना पाणी. पण हेडला, पाटाच्या सुरुवातीला, ज्याचं वावर आहे त्याचं दोनदा भरणं होतं आणि टेलवाला, म्हणजे पार शेवटचा, रात्रभर बॅटरी घेऊन चारीवर बसतो, त्याच्याकडे येईपर्यंत आवर्तन संपलेलं असतं. पाण्यात खोट नाही आणि पाटातही नाही. टेलवाला कोण हे आधीच ठरलेलं असतं, पाण्याने ते ठरवलेलं नसतं, पण पाणी आल्यावर फरक वाढतो हे मात्र खरं. टेक्नॉलॉजीचं माझ्या मते असंच आहे, आणि तू बहिणी त्या पाटावर चारीच्या तोंडाशी बसलेली आहेस. पाटकरी आहेस तू, पाणी वाटून देणारी. म्हणून भाच्याचं बोलणं तुला लागलं.

आता म्हातारीवर येऊ. "मना अंगठाच लागस नही वं माय" असंच म्हणत असेल ना ती? लागणार कसा, जन्मभर कापूस वेचला, निंदणी केली, राखेने भांडी घासली, शेण थापलं, बोटांवरच्या रेषा राहिल्याच नाहीत. म्हणजे बघ, ज्यांनी हाताने सगळ्यात जास्त काम केलं त्यांचाच हात मशीनला ओळखू येत नाही. कॉलेजातल्या पोराचा पहिल्या फटक्यात लागतो. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. म्हणजे ही गोष्ट सुरूच झाली आपल्या खान्देशातून, आदिवासी भागातून, सगळ्यात मागे असलेल्याला सगळ्यात आधी ओळख द्यायची म्हणून. हेतूला मी नाव ठेवत नाही. खात्यात थेट पैसे येतात, मधला खाणारा गेला, हे खूप बायांसाठी खूप मोठं आहे, नवऱ्याच्या हातात न जाता पैसे येणं हे तुला मी सांगायला नको. पण कार्ड ही एक गोष्ट आणि दर वेळी अंगठा देऊनच स्वतःला सिद्ध करायचं ही दुसरी. पूर्वी म्हातारी तलाठ्याकडे जायची, तो खडूस असेल, चहापाण्याला मागत असेल, पण त्याला दिसायचं की ही अमक्याची आई आहे आणि जिवंत आहे. मशीनला दिसत नाही. आणि मशीनशी भांडता येत नाही ना, ते फक्त लाल अक्षरात काहीतरी दाखवतं आणि सर्व्हर डाऊन होतं.

असंच मनरेगाच्या हजेरीचं झालं, १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा ॲपवर फोटो टाकायची सक्ती केली. पारोळ्यात एक वेळ चालेल, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज कुठून आणायची? खड्डे खणले, घाम गाळला आणि फोटो चढला नाही म्हणून हजेरी धोक्यात. केळीच्या विम्याचं पण तेच, मंडळातल्या हवामान केंद्राने जे तापमान नोंदवलं ते खरं, तुझ्या बागेत पानं करपली हे डोळ्याने दिसतंय तरी ते पुराव्यात धरत नाहीत. मी यंत्राच्या विरोधात नाही गं, नोंद यंत्राने ठेवा, खुशाल ठेवा. पण यंत्र चुकलं तर कुठल्या माणसाच्या टेबलासमोर जाऊन उभं राहायचं ते सांगा. श्रीमंताला हे टेबल फोनवर सापडतं. गरिबाला तू सापडतेस.

म्हणून केंद्र बंद करायचा विचार डोक्यातून काढ. मिस्टर बरोबर बोलले. तू बंद केलं तर ती म्हातारी पारोळ्याला जाईल, जाण्या-येण्याचं भाडं, सोबत कोणीतरी, त्याची एक रोजंदारी बुडाली, आणि तिथे रांगेत उभं राहून परत तेच ऐकायचं की अंगठा लागत नाही. आणि तुझं घर कशावर चालेल? फुकट पण चालवू नको. लाईट बिल तू भरतेस, नेटचं तू भरतेस, शिकली आहेस, तासन् तास सर्व्हरची वाट बघत बसतेस, त्याचे पैसे घ्यायचे, ताठ मानेने घ्यायचे. भाचा जळगावला राहतो तो कोणाच्या पैशावर राहतो ते पण एकदा विचार, गंमत म्हणून.

पण वीस रुपयाचं मात्र चुकलंच. काम झालं तर पैसे, प्रयत्नाचे पैसे नाही. मशीनने ओळखलं नाही हा म्हातारीचा गुन्हा नाही, मग दंड तिने का भरायचा? तिचे जे काही घेतले ते परत दे, गाजावाजा करू नको, तिच्या नातवाजवळ पण नको, तिच्याच हातात दे. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून टाक, काम झाल्यावरच पैसे. सरकारी कामाचे जे ठरलेले दर आहेत त्याचा फलक लावणं तसंही बंधनकारक आहे, तुझ्याकडे असेलही, पण बहुतेक ठिकाणी तो कॅलेंडरच्या मागे असतो. पुढे आण. वाचता येत नाही त्यांना तोंडी सांग.

आता एक विचारते, रागावू नको. फॉर्म भरताना बायांचा मोबाईल नंबर म्हणून तू कोणाचा नंबर टाकतेस? कारण मला माहितीये खूप केंद्रांवर काय चालतं, बाईकडे फोन नसतो, किंवा फोन पोराकडे असतो आणि पोरगा सुरतला कामाला, मग ओटीपी लवकर यावा म्हणून केंद्रवाला स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. काम पटकन होतं हे खरं. पण त्या दिवसापासून ती बाई कायमची तुझ्याकडे बांधली गेली, तिचं काहीही करायचं असेल तर ओटीपी तुझ्या फोनवर येणार. तुझ्या मनात पाप नसेल, पण उद्या तू फोन बदलला, नंबर बंद पडला, तर तिचं सगळं अडकलं. २०१९ ते २१ च्या आरोग्य सर्वेक्षणात देशात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के होते आणि बाया ३३ टक्के. त्यानंतर थोडं पुढे सरकलं असेल, पण घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो कोणाच्या खिशात असतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. म्हणून साधा बटणाचा फोन असला तरी चालेल, पण नंबर तिचा स्वतःचा. नसेल तर तिला सांग की आधी सिम घे, मग ये. दोन गिऱ्हाईकं कमी होतील. होऊ दे. आणि जुन्या ज्यांच्या फॉर्मवर तुझा नंबर आहे त्यांचे बदलायला घे, हळूहळू, एका दिवसात होणार नाही.

पैसे काढून देताना पण तसंच. अंगठा दिला की किती निघाले ते मोठ्याने सांग, शिल्लक किती ते पण सांग, आणि पावती हातात दे, तिला वाचता येवो न येवो. अंगठ्यावर जास्त काढायचे आणि हातात कमी द्यायचे हे प्रकार कुठे ना कुठे उघडकीला येतात, तुझ्याबद्दल कोणाला तसा संशय पण येता कामा नये.

अजून एक काम तू करू शकतेस जे भाच्याला जमणार नाही. पैसे आले नाहीत म्हणून जी बाई येते तिचं आधार कुठल्या बँकेला जोडलेलं आहे ते आधी बघ. थेट जमा होणारे पैसे शेवटी जे खातं आधारला जोडलं त्याच्यात जातात, आणि बाईला वाटत असतं आपल्या पासबुकात येतील. २०१७ मध्ये तर एका मोबाईल कंपनीने सिमची केवायसी करताना लोकांची न विचारता पेमेंट बँकेत खाती उघडली आणि गॅसची सबसिडी तिकडे गेली, लोकांना कळलंच नाही. किती बाया अशा असतील ज्यांचे पैसे येऊन पडलेत आणि त्या रोज तुला विचारून राहिल्या की माझे कधी येतील. आधारच्या साईटवर जोडलेल्या बँकेचं नाव दिसतं, दोन मिनिटाचं काम आहे, त्याचे पैसे नको घेऊ हवं तर, या एका गोष्टीने तुझं नाव पंचक्रोशीत होईल.

म्हातारीच्या अंगठ्यासाठी चेहऱ्याने ओळख पटवायची सोय काही योजनांच्या ॲपमध्ये आहे, डोळ्याचं स्कॅन आहे, ते आधी करून बघ, आणि आधार केंद्रावर नेऊन तिचे ठसे परत एकदा अपडेट करून बघ, कधी कधी दुसरं बोट लागून जातं. त्यानेही नाहीच झालं तर मग कागद. हो, कागदच. तिच्या नावाने तहसीलला अर्ज लिही की ठसे उमटत नाहीत, पर्यायी पद्धतीने पडताळणी करावी, बँकेतही तसाच द्यायचा. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे आपल्या राज्यात, त्याच्यात अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायलाच लागते, आणि नाही दिली किंवा नाकारली तर अपील करता येतं. प्रत्येक सेवा त्यात नाहीये, पण तुझ्या केंद्रावरचे बरेचसे दाखले आहेत, आणि कायद्याचं नाव अर्जात दिसलं की क्लार्कची बोलायची पद्धत बदलते एवढं नक्की.

आणि एकटी म्हातारी नसेल. तुझ्या गावात अशा किती आहेत ते तुझ्याशिवाय कोणाला माहितीये? ग्रामपंचायतीला माहिती नाही, तहसीलला नाही, त्या ॲप बनवणाऱ्याला तर नाहीच, त्याच्याकडे फक्त सक्सेस झालेल्यांचा आकडा जातो. जिचा अंगठा लागला नाही ती परत गेली, ती कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. तुझ्या वहीत येऊ शकते. नाव, कुठलं काम, काय अडलं, कधीपासून. भाचा सुट्टीला आला की त्याला दोन दिवस तुझ्या खुर्चीवर बसव, ही यादी त्यालाच करू दे, मग बघू किती वेळ विषमतेवर बोलतो. नाही, चांगला पोरगा आहे तो, मला आवडला, पण जेवणाच्या ताटावर बोलणं आणि दुपारी दोन वाजता लाईट गेल्यावर बारा बायांना बाकड्यावर बसवून ठेवणं यात फरक आहे.

राहिला लोनवाला. नाही म्हण. मी एवढं सरळ सहसा सांगत नाही पण इथे सांगते. ॲपवरच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्या बँक खात्यात यायला पाहिजेत, मध्ये कोणाच्या खात्यातून नाही, सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते सांगणारा कागद आधी द्यायला पाहिजे, ठरलेल्या दिवसांत कर्ज परत करून मोकळं व्हायची सोय पाहिजे, आणि ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो चाळायचे नाहीत. सोमवारी आला की त्याला विचार, तुमच्यामागे बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली पण रिझर्व्ह बँकेत नोंदलेली कर्ज देणारी कंपनी) कोणती, आणि तो कागद मराठीत दाखवा. माझा अंदाज आहे की चहा पिऊन जाईल. पण समजा त्याने सगळं दाखवलं, कंपनी खरी निघाली, तरी पण माझं उत्तर तेच आहे. कारण उद्या हप्ता थकला की वसुलीचा फोन त्या बाईला येईल आणि ती धावत येईल तुझ्याकडे, कारण सही तुझ्या टेबलावर झाली. आत्ता ती तुझ्यावर विश्वास ठेवून डोळे झाकून अंगठा देते, दाखल्याला देते तसाच कर्जाला देईल, तिला फरक कळणार नाही आणि तुला कळत असेल. बचत गट आहेत, सोसायटी आहे, कर्ज पाहिजे तर तिकडचा फॉर्म भरून दे, त्याचे तुझे रीतसर पैसे घे.

आता लगेच करायचं म्हणजे ती यादी. पुढची ग्रामसभा कधी आहे बघ, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातली जी जवळ असेल ती, आणि त्यात विषय घ्यायला लाव, ठराव करून घे की एवढ्या लोकांची पडताळणी होत नाहीये, यांच्यासाठी गावात कॅम्प लावा. बाया सोबत ने, म्हातारीला पुढे बसव. ग्रामसेवक म्हणेल व्हॉट्सॲपवर पाठवून द्या, तर पाठवू नको. कागदावर लिहून दे, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घे, आणि ती पोच केंद्रावरच ठेव, मिस्टरांकडे देऊ नको, हरवतील.

— तुझी ताई, जळगाव